कुंपणावरची खाजकुइली

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात परसातल्या कुंपणावर, शेवग्यावर नाहीतर आंब्याच्या खालच्या फांदीवर एखादा वेल आपण न लावताच चढतो. पानं तीन-तीन, वालासारखी. घरातलं कोणीतरी म्हणतं, राहू दे, पावटा असेल. दिवाळी उलटली की त्याच वेलावर तांबूस-सोनेरी, मखमली शेंगा लोंबू लागतात, आणि मग त्या बाजूला फिरकायची सोय राहत नाही. ही खाजकुइली. संस्कृतात हिला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. दुसरं नाव आत्मगुप्ता, स्वतःचं राखण स्वतः करणारी. नावं ठेवणाऱ्यांनी ती अनुभवाने ठेवली असणार!

शेंगा येण्याआधी हिला ओळखायचं कसं, ते पाहू. तीन पानांपैकी मधलं सरळ असतं. बाजूची दोन मात्र तिरपी, देठाजवळ एका अंगाला फुगलेली. पान उलटलं की खाली रुपेरी, रेशमी लव दिसते. या लवेने सहसा काही होत नाही. दसऱ्याच्या आगेमागे गडद जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. टोचरी कुसळं सुरू होतात ती फुलाच्या देठाकडच्या हिरव्या पेल्यापासून, आणि त्यांचं खरं कोठार म्हणजे शेंग. बोटभर लांब, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, अंगावर उभ्या शिरा. एकेका शेंगेवर अशी काही हजार कुसळं असतात. कोवळेपणी ती शेंगेला धरून असतात. शेंग वाळली की नुसत्या वाऱ्यानेही सुटतात. म्हणूनच पौष-माघात झाडाला हातसुद्धा न लावलेल्या माणसाच्या मानेला खाज सुटते. वेलाच्या वाऱ्याखाली दोरीवर वाळत घातलेले कपडे हे त्याचं नेहमीचं कारण.

सह्याद्रीच्या जंगलातल्या खाजोटीशी हिची गल्लत करू नका. खाजोटीचे केस पोकळ असतात, पान लागताक्षणी ते कातडीत रस सोडतात आणि आग होते. खाजकुइलीचं कुसळ त्वचेत रुततं, आणि त्याच्यावरचं म्युकुनेन नावाचं प्रथिन खाज आणतं. हे प्रथिन त्वचेतल्या खाजेच्या मज्जातंतूंना थेट चाळवतं. अॅलर्जीत हिस्टामिन नावाचं द्रव्य खाज आणतं, तो मार्ग इथे फारसा नसतो. त्यामुळे अॅलर्जीची गोळी घेऊनही हिच्या खाजेला म्हणावा तसा उतार पडत नाही. खाजेवर संशोधन करणारे लोक आजही प्रयोगासाठी हीच कुसळं वापरतात, आणि एकच कुसळ टोचलं तरी माणूस खाजवू लागतो.

आता बागेतलं काम. सगळी मेख वेळेत आहे. मृगाच्या पावसानंतर रोपं उगवतात. ती वीतभर असताना ओल्या मातीतून मुळासकट सहज निघतात. तेव्हा राहून गेलं, तर श्रावणात, फार तर पोळ्यापर्यंत, वेल जमिनीलगत कोयत्याने तोडा. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तोडलेला वेल झाडावरून ओढू नका. तिथेच वाळू द्या, आपोआप गळतो. ही द्विदल वनस्पती आहे. तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात, म्हणून फुलापूर्वीचा पाला नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात आच्छादन म्हणून छान कामी येतो. बांधाच्या दूरच्या कोपऱ्यात, जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब, एखादा वेल पाल्यासाठी वाढवायलाही हरकत नाही. पण श्रावणातली तोडणी चुकवायची नाही. ज्यांना ही तारीख पाळता येत नाही, त्यांनी वेल ठेवूच नये.

शेंगा धरल्यावर मात्र गडबड करू नका. बहुतेकांची फसगत इथेच होते. वाळलेल्या शेंगांवर गवत कापायचं यंत्र चालवलं, तर कुसळं अंगणभर उडतात. जाळलं, तर जी जळतात ती संपतात, पण गरम हवेबरोबर कितीतरी न जळता वर जातात आणि डोळ्यात, श्वासात उतरतात. वारा पडलेली, दव असलेली पहाट निवडा. अंगावर सुती कपड्यांवरून प्लॅस्टिकचा रेनकोट घाला, कारण सुती आणि लोकरी कापडात कुसळं अडकतात, गुळगुळीत प्लॅस्टिकवरून ती पाण्याने धुऊन निघतात. रबरी हातमोजे बाहीवर चढवून घ्या. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, नाकातोंडाला मास्क. आधी फवारणी पंपाने शेंगा चिंब भिजवा. नळाची जोरदार धार नको, तिने कुसळं उडतात. मग वाऱ्याकडे पाठ करून, लांब दांड्याच्या आकडीने घोस तोडून खाली अंथरलेल्या ओल्या गोणपाटावर पाडा. वेल थेट डोक्यावर असेल, तर त्याच्याखाली उभं राहू नका, बाजूने तोडा. गोणपाट तसंच गुंडाळून दीड-दोन फूट खड्ड्यात पुरा आणि माती दाबा. रेनकोट अंगावर असतानाच त्यावर पाणी ओतून घ्या, आणि मगच काढा.

इतकं करूनही अंगाला लागलंच, तर पहिली गोष्ट, चोळू नका. चोळल्याने कुसळं आत जातात, मोडतात, आणि हाताबरोबर मानेवर, पापणीवर पोहोचतात. वेलापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढू नका, सगळी कुसळं तोंडावर येतील. सरळ कात्रीने पुढून कापा. मग पाणी लावण्याआधी खोके बंद करायची रुंद चिकटपट्टी घ्या, कारण ओल्या कातडीवर ती धरत नाही. दाबायची, उचलायची, दर वेळी नवा तुकडा. हात उन्हात तिरका धरला की सोनेरी कुसळं चमकतात, तेव्हा कुठे राहिलीत ते कळतं. चिकटपट्टी नसेल तर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा त्वचेवरून फिरवा. तो गोळा अर्थातच फेकून द्यायचा. खेड्यात शेण लावून वाळल्यावर सोलतात. त्यातली खरी करामत सोलण्यात आहे, शेणात नाही. खाजवून कातडी फुटली असेल तर शेणातून धनुर्वाताचा धोका असतो, म्हणून ते टाळा. यानंतर थंड पाणी वाहतं सोडून साबणाने धुवा, टॉवेलने पुसू नका, आणि वर कॅलामाइन लावा. खाज सहसा काही तासांत ओसरते. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. दम लागला, तर थेट दवाखाना.

कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, म्हणजे उष्णतेने ते प्रथिन बिघडतं. मग वेगळे धुवा, आणि तेही मशीनमध्ये नको.

बियांबद्दल थोडं. कवचबीज म्हणून त्या आयुर्वेदात वापरतात, पण शोधन करून, दुधात शिजवून आणि साल काढून. त्यांत लेव्होडोपा असतं, कंपवातावर देतात तेच औषध. म्हणूनच घरी चूर्ण करून चमचाभर घेणं धोक्याचं. मळमळ, उलट्या, रक्तदाब उतरणं, भ्रम, काहीही होऊ शकतं, आणि कंपवाताच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आणखी कठीण. मोझांबिकमध्ये 1989 साली अन्न म्हणून या बिया खाल्ल्यावर अनेकांना वेडाचे झटके आले होते. घेवड्याच्या उसळीसारखी हिची उसळ होत नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

शेंग वाळून तडकते आणि बी लांब उडतं. सालपट टणक असल्याने काही बिया पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी उगवतात. त्यामुळे एकदा शेंगा तयार झाल्या असतील, तर पुढचे दोन-तीन पावसाळे वेलाच्या जागेभोवती दहा-पंधरा फूट नजर ठेवा. बी करंगळीच्या नखाएवढं, काळं किंवा ठिपक्यांचं, आणि एका कडेला उंचावलेला पांढरा डोळा. मातीत तसं दिसलं, तर मोज्याच्या हाताने उचला. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिली फेरी, आणि जुलैच्या शेवटी दुसरी.

नमस्कार.