टीपॉटच्या रेघा

हा नकाशा बघा. अमेरिकेतलं वायोमिंग राज्य, कॅस्पर गावाच्या उत्तरेला, सॉल्ट क्रीक आणि त्याला खेटून टीपॉट डोम, ही दोन तेलक्षेत्रं. झाड औषधालाही नाही, नुसती सेजब्रशची झुडपं आणि वारा, त्यामुळे कागदावर हिरवा रंग शोधावा लागतो. निळा आहे, पण तोही तुटक, एक रेघ, तीन टिंबं, परत रेघ... म्हणजे ओढा आहे, पाण्याची खात्री नाही.

तपकिरी रेघा मात्र ढीगभर. हे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, पूर्वी तिथंच उन्हात काढायचे. तिपाईवर प्लेन टेबल म्हणजे सपाट फळी, त्यावर कागद, कागदावर दुर्बीण बसवलेली पट्टी, आणि एक गडी खुणांची उंच काठी घेऊन लांब जाऊन उभा. दुर्बिणीत दोन आडव्या तारा दिसतात, त्यांच्यामध्ये काठीचे 3 फूट मावले की अंतर 300 फूट, सरळ गुणिले 100, की लगेच कागदावर टिंब. भूगर्भवालेपण हेच टेबल घेऊन हिंडायचे, ते खडकांचे थर कुठं किती कललेत ते मांडायचे, कारण थर घुमटासारखे वर आलेत म्हणजे खाली तेल अडकलेलं असू शकतं. सॉल्ट क्रीकला 1908 मध्ये तेलाचं कारंजं उडालंच.

आता ह्या सरळ रेघा. ह्या सरकारी मोजणीच्या, मैल बाय मैल, एका चौकोनात 640 एकर. 1915 मध्ये टीपॉटचं तेल नौदलासाठी राखून ठेवलं, तेही असेच चौकोन धरून. पण तेलाला काय कळते रेघ? शेजारी सॉल्ट क्रीकला उपसा चालूय, आपलं तेल तिकडं जाईल, हे कारण पुढे करून इंटिरियर खात्याचा मंत्री अल्बर्ट फॉल यानं 1922 मध्ये बोली न मागवता, गुपचूप, सगळं तेलवाल्या हॅरी सिंक्लेअरच्या कंपनीला लीजवर देऊन टाकलं. फॉल स्वतः न्यू मेक्सिकोतला रँचवाला, आणि सिंक्लेअरकडून त्याच्या रँचवर गुरं-डुकरं पोचली होती (हो, डुकरंसुद्धा!). 1927 मध्ये सुप्रीम कोर्टानं लीज रद्द केलं.

पुढे विमानातून फोटो आले, कंटूर ऑफिसातच निघायला लागले. फिल्डवरचा माणूस मग कुंपणं, रँचची नावं, गुरांच्या टाकीत पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या एवढं भरून आणायचा. आणि जुन्या शीटवर जांभळं काही दिसलं, तर ते नुसते हवाई फोटो बघून नंतर भरलेलं, जागेवर कुणी गेलेलं नाही.

यूएसजीएसनं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं, 1884 पासूनच्या शीट ऑनलाइन फुकट ठेवल्यात. टीपॉट शोधून बघा. ज्या खडकावरून हे नाव पडलं त्याची तोटी वाऱ्यावादळात कधीच तुटून पडलीय.