शाळूच्या रानाचा खतावरचा हक्क

मंडळी, उन्हाळ्यात माण, आटपाडी, जत या भागात फिरताना खतानं भरलेल्या ट्रॉल्या दिसतात. शेणखत, लेंडीखत. त्यातल्या बहुतेक द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेकडं चाललेल्या असतात, काही उसाच्या पट्ट्यात उतरतात. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानाकडं वळणारी ट्रॉली क्वचितच. बागायतदार रोख देतो म्हणून खत विकलं जातं, त्यात शेतकऱ्याला बोल लावता येणार नाही. तरीही ज्या रानानं कडबा दिला, त्या रानाचा खतावर पहिला हक्क आहे, असं मी मानतो. कणीस आपण घेतो, ताट जनावराला घालतो. दोन्हींबरोबर नत्र, स्फुरद, पालाश रानातून निघून येतं. ते उकिरड्यावाटे परत गेलं नाही, तर जिरायती रानाला दुसरं कोण देणार?

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत वीस किलोच्या वर नत्र असतं. मग चार टनांचं ओझं कशाला वाहायचं, असं तरुण पोरं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. उत्तर पावसात आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. आपला शाळू पावसाळा सरताना, उत्तरा-हस्त नक्षत्रात पेरला की पुढं जवळजवळ मुरलेल्या ओलीवरच येतो. खत मिळालेली माती भुसभुशीत राहते, पावसाळ्याचं पाणी वाहून न जाता मुरतं आणि जास्त दिवस टिकतं. पौषात दाणा भरताना ही ओल कामाला येते. गोणीतून ती मिळत नाही.

पण वेळ चुकली तर यातलं काहीच पदरात पडत नाही. कुजायला ओल लागते आणि ती आपल्याकडं मोजकी आहे. पेरणीच्या तोंडावर कच्चं खत टाकलं, की ते कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र आधी खातात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. वर मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीला आणि वाळवीला आपण घर करून देतो. म्हणून शाळूचं खत मृगाच्या आधी रानात पडलं पाहिजे, म्हणजे अख्खा पावसाळा त्याला कुजायला मिळतो. आणि एक कळकळीची विनंती: खताचे ढीग रानात घालून पंधरा-पंधरा दिवस उन्हात ठेवू नका. त्यातलं नत्र हवेत उडून जातं. ज्या दिवशी पसरलं, त्याच दिवशी कुळवानं मातीआड करा.

आता माझ्या मायबहिणींशी बोलतो, कारण गोठा तुमच्याच हातात असतो. जनावराच्या मुतात नत्र आणि पालाश भरपूर असतं, आणि नेमकं तेच आपण वाहून जाऊ देतो. गव्हाणीतला गळाठा, वाळका पाला जनावराखाली पसरा. तो मुतानं भिजला की उकिरड्यावर न्या. उकिरडा खड्ड्यात असावा, त्यावर सावली असावी, अधूनमधून पाणी मारावं आणि वरून मातीचा थर द्यावा. उघड्यावर वर्षभर तापलेला ढीग दिसतो मोठा, पण त्यात सत्त्व फार कमी उरतं. गॅस आला असेल, तर शेणी थापणंही कमी करा. चुलीत गेलेलं नत्र परत येत नाही.

मेंढरं बसवायची जुनी पद्धत मला यासाठीच मोलाची वाटते. पावसाळ्यात शाळूचं रान मोकळंच असतं. रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, रात्रभर कळप आत बसवायचा, दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकवायची. लेंड्या आणि मूत दोन्ही जागच्या जागी पडतात, वाहतुकीचा पैसा वाचतो. लेंडीत नत्र शेणापेक्षा बरंच जास्त असतं. मागोमाग कुळवाची पाळी मात्र घातलीच पाहिजे. आणि धनगराला ठरलेले पैसे किंवा धान्य वेळेवर द्या. तो हे काम मोठ्या कष्टानं करतो, त्याला ताटकळत ठेवणं आपल्याला शोभत नाही.

किती टाकायचं? जिरायती शाळूला हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २ टन, ही शिफारस पुरेशी आहे. हलक्या, उथळ रानात याच्या कितीतरी पट खत ओतू नका. पीक कार्तिकात हिरवंगार माजतं, ओल लवकर संपवतं आणि पोटरीत आल्यावर, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेताला, तहानेनं मान टाकतं.

ज्याच्या दावणीला दोनच जनावरं आहेत, त्याला सगळ्या रानाला पुरेल एवढं खत दरवर्षी होत नाही. त्यानं ते सगळीकडं चिमूटभर उधळू नये. रानाचे तीन तुकडे पाडावेत, दरसाल एकालाच पुरतं द्यावं. शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या पिकालाही लागतो. यंदा कुठल्या तुकड्याला टाकलं ते वहीत लिहा, आणि पुढच्या मे महिन्यात शेजारचा तुकडा धरा.