स्वस्तातली पंप शॉटगन: थाळीसाठी आणि फेझंटसाठी

[मिनेसोटा, अमेरिका. ट्रॅपचं मैदान. पाच नेमबाज एका ओळीत.]

ट्रॅप म्हणजे उडत्या थाळ्या शॉटगनने फोडायचा खेळ. “पुल!” असा आवाज दिला की समोरच्या बुटक्या खोलीतून केशरी थाळी उडते. व्यास १०८ मिलिमीटर, चुनखडी आणि डांबराची, हातातून निसटली तरी फुटेल अशी ठिसूळ. नेमबाज त्या खोलीच्या १६ यार्ड, म्हणजे साडेचौदा मीटर मागे उभा. थाळी डावीकडे जाणार की उजवीकडे, हे त्याला ठाऊक नसतं. ती लांब जायच्या आत काय ते करायचं.

मिनेसोटात शाळांचे ट्रॅपचे संघ आहेत. जूनमध्ये अलेक्झांड्रिया गावी त्यांची मोठी स्पर्धा भरते. ओळीतल्या बंदुका बघा. काहींच्या हातात एकावर एक नळ्या असलेली दुनळी, किंमत हजारो डॉलर. आणि काहींच्या हातात पंप. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. हिवाळ्याच्या तोंडावर हीच बंदूक फेझंटसारख्या पक्ष्यांच्या शिकारीलाही निघते. एकीतच दोन्ही कामं, तीही खिशाला परवडेल अशी. कुठली घ्यावी?

[जुन्या बंदुकांची छायाचित्रं]

पंप बंदूक मुळात स्वस्त नव्हती. १९१२ ची विंचेस्टर मॉडेल १२ आजही लोक कौतुकाने हाताळतात, पण तिचे भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावे लागत. महायुद्धानंतर मजुरी वाढली आणि ते गणित बसेना. रेमिंग्टनने १९५० साली मॉडेल ८७० आणली. काही भाग पत्र्यातून ठोकून काढले, काही आपल्याच स्वयंचलित बंदुकीशी जुळते ठेवले. स्वस्त म्हणून कुणी नाक मुरडायच्या आत, त्याच वर्षी रूडी एचन या नेमबाजाने ग्रँड अमेरिकन स्पर्धेत पंप बंदुकीने दुहेरी ट्रॅपच्या १०० पैकी १०० थाळ्या फोडल्या. दुहेरीत दोन थाळ्या एकदम सुटतात, म्हणजे मधल्या क्षणात मूठ मागे-पुढे करायची. मॉडेल १२ चं नियमित उत्पादन १९६४ मध्ये थांबलं. ८७० एक कोटीच्या वर खपली.

पुढे मॉसबर्गने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ५०० काढली. तिचा मधला सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आणि तिच्याहूनही स्वस्त, त्याच कंपनीची मॅव्हरिक ८८. आज अमेरिकेतल्या दुकानात ही साधारण अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते, ५०० जवळपास दुपटीला.

[टेबलावर दोन्ही बंदुका शेजारी शेजारी]

मग दोनशे डॉलर वाचले कुठे? आतले बरेच भाग सारखेच आहेत. फरक बाहेर. ५०० ची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, वर, अंगठ्याखाली सरकते. मॅव्हरिकची चापाशेजारी, आडवी दाबायची. डावखुऱ्याला हा फरक रोज जाणवेल, कारण आडवं बटण उजव्या हाताच्या बोटाचा विचार करून बसवलेलं असतं. अंगठ्याची सेफ्टी दोन्ही हातांना सारखीच. डावखुरे असाल तर ५०० चे जादा पैसे द्या, असं मी बेधडक सांगेन. उजव्यांनी मॅव्हरिक घेऊन निवांत झोपावं.

दुसरी काटकसर चोकमध्ये. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारं आवळणं. फरक एक मिलिमीटरच्या आसपासचा, पण काडतुसातले छर्रे किती पसरणार ते त्यावर ठरतं. ट्रॅपची थाळी दूर जात असते, तिथे जास्त आवळलेला चोक हवा. स्कीट या थाळ्यांच्या दुसऱ्या खेळात थाळी जवळून आडवी जाते, तिथे मोकळा. महाग बंदुकीबरोबर तीन-चार चोक मिळतात, स्वस्तीबरोबर बहुतेकदा एकच, मधला, ज्याला मॉडिफाइड म्हणतात. सुरुवातीला तो पुरतो. बाकीचे नंतर घेता येतात. फक्त नळीला चोक फिरवून बसवायचे आटे आहेत ना, ते आधी पाहा.

[दुकान. एकजण बंदूक खांद्याला लावून पाहतो.]

आता ज्याच्याकडे सगळ्यात कमी लोक लक्ष देतात ते. शॉटगनला मागची माशी, म्हणजे नेम धरायची डोळ्याजवळची खूण, नसते. तुमचा डोळाच मागची माशी. म्हणजे दस्ता गालाला चुकीचा लागला, की नेम चुकलाच. दुकानदाराला विचारून, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला डोळे मिटून ती खांद्याला आणि गालाला लावा. डोळे उघडा. नळीवरची पट्टी आणि टोकाचा मणी एका रेषेत दिसतोय? ठीक. पट्टी उतारासारखी खूप दिसतेय? दस्ता तुम्हाला उंच पडतो. नुसता बंदुकीचा पाठीमागचा भाग दिसतोय? गाल फार खाली बसला. कंपनीचं नाव वगैरे या परीक्षेनंतर. लहान अंगाच्या माणसाला आखूड दस्त्याची वीस बोअर बारापेक्षा बरी. बोअरचा आकडा मोठा, तितकी नळी बारीक.

वजनाचं मात्र खरोखर जमत नाही. मैदानावर एका दुपारी शंभर बार सहज होतात आणि बारा बोअरचा धक्का प्रत्येक वेळी खांद्यावर. तिथे जड बंदूक सुखाची. उलट साउथ डकोटात फेझंटच्या मागे मक्याच्या पट्ट्यांतून दिवसभर चालायचं, तिथे हलकीच हवी. सव्वातीन किलोच्या आसपासची पंप दोन्हीकडे थोडी थोडी गैरसोयीची आणि दोन्हीकडे चालणारी. धक्का सोसत नसेल तर मैदानावर २८ ग्रॅम छर्‍यांची हलकी काडतुसं वापरा. फेझंट आडदांड पक्षी, मूळचा आशियातला. अचानक कोकलत उठतो आणि फक्त नरच मारायची परवानगी असते. त्याला हलकं काडतूस नको.

[काडतुसांची खोकी]

आणि काडतुसांचा हिशोब करा. पंचवीसचं खोकं साधारण दहा-बारा डॉलर, शिवाय थाळ्यांचे पैसे. शंभर थाळ्यांची दुपार म्हणजे पन्नासच्या वर. पाच-सहा दुपारी, की अडीचशेच्या बंदुकीइतका खर्च झालाच. म्हणून बंदुकीत वाचवलेले दोनशे डॉलर काडतुसांत घाला. नवख्याचा हात त्यानेच बसतो. पंपवर नेहमीची चूक एकच: घाईत मूठ पूर्ण मागे येत नाही, रिकामं काडतूस अडकतं. ही खोड सरावानेच जाते.

ट्रॅपच्या ओळीत पंपचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. स्वयंचलित बंदूक रिकामी काडतुसं शेजाऱ्याच्या अंगावर फेकते. पंपवाला सावकाश मूठ ओढून ते हातातच झेलतो.

जुनी घ्यायची तर नळी आतून आरशासारखी लख्ख दिसते का, कुठे खळगा किंवा गंज आहे का पाहा. जुन्या बंदुकांत घट्ट चोक नळीतच कायमचा असतो. अशा नळीतून मोठे पोलादी छर्रे उडवू नयेत, नळी बिघडते. आणि अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत, म्हणजे बदकांना बहुतेकदा पोलादच आलं.

[काउंटरवर फॉर्म भरताना हात]

तिथल्या आपल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. एच-१बी सारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याराज्यांचे नियम निराळे, ते आधी वाचा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज हौसेच्या शिकारीचा प्रश्नच येत नाही. इथे फक्त थाळ्या.

[बंदुकीची खालची नळी उघडताना]

हे लाकडी दांडकं बघा. काडतुसांच्या नळीत बसतं, जेणेकरून बंदुकीत एकूण तीनच मावतील. स्थलांतरित पक्ष्यांसाठी हा नियम १९३५ पासून आहे. मैदानावर सराव करणारे ते काढून ठेवतात आणि बदकांच्या मोसमात विसरतात. फेझंट स्थलांतरित नाही, त्याला केंद्राचा हा नियम लागत नाही. पण दलदलीच्या काठावर वनरक्षक आला, तर तो आधी बंदूक रिकामी करायला सांगेल आणि मग स्वतः एकेक काडतूस आत सरकवून मोजेल.