शांत राहण्याची हौस

मंडळीतील वडीलधाऱ्यांनो आणि बंधुभगिनींनो,

बायबलच्या नव्या करारात, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल तिथल्या नव्या ख्रिस्ती मंडळीला शांत राहण्याची, आपापला व्यवसाय सांभाळण्याची आणि आपल्या हातांनी काम करण्याची हौस धरायला सांगतो, आणि लगेच कारणही देतो: बाहेरच्या लोकांशी तुमचे वागणे सभ्यतेचे असावे. ज्याला आपण इथे हौस म्हणतो त्या मूळ ग्रीक शब्दात मानाची आवड हा अर्थ दडलेला आहे. जी आवड माणसाला चव्हाट्यावर नेते, तीच पौल घराकडे आणि कामाकडे वळवतो.

हे मला व्याकरणाने नव्हे, वडिलांमुळे कळले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि त्यातून खेडोपाडी ज्या शाळा निघाल्या त्यांनीच आमच्यासारख्या, वेशीबाहेरच्या वस्तीतून आलेल्या घरांना अक्षर दिले. वडील त्या अक्षरावरच शिक्षक झाले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर लोक पत्रे वाचून घ्यायला येत. बहुतेक मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या मुलांची कार्डे असत. वडील आम्हां मुलांना आत पाठवीत, अगदी हळू आवाजात वाचीत आणि वाचून झाले की कार्ड पालथे करून त्या माणसाच्या हातात ठेवीत. एका म्हातारीला रडताना पाहून जेवताना मी विचारले, "काय लिहिलं होतं?" ते म्हणाले, "पत्र तिचं आहे." पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

रात्री पेटीवर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने होत. अभंगाची चाल कानाला ओळखीची, म्हणून शेजारचेही येऊन बसत. कोणी विश्वासाबद्दल विचारले तर वडील सरळ उत्तर देत; न विचारता कोणाला उपदेश केल्याचे मला आठवत नाही.

अशा जगण्याला काही जण भित्रेपणा म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण शांत माणसालाही कधी ना कधी नाही म्हणावे लागते. गावातल्या एका वजनदार शेतकऱ्याने बांधाच्या खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही मागितली, तेव्हा वडिलांनी त्याला चहा पाजला आणि सही करणार नाही असे तोंडावर सांगितले. दोन वर्षे त्या घराने आमच्याशी बोलणे टाकले. वडिलांनी त्याचे कारण गावात कोणालाही सांगितले नाही. आम्हांलाही ते आईकडून, पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढे त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याच्या घरात शिकलेली दोन मुले होती. तरी सासरी नांदणाऱ्या लेकीचे पत्र घेऊन तो काठी टेकत आमच्याच ओट्यावर आला. वडिलांनी आम्हांला आत पाठवले. खिडकीतून मला एवढेच दिसले की वाचून झाल्यावर त्यांनी ते पत्र घडी घालून त्याच्या कोपरीच्या खिशात ठेवले आणि हात धरून त्याला पायरी उतरवून दिली.