एक अल्बम, चार तबकड्या

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या घरी बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड' या एकाच अल्बमच्या चार तबकड्या आहेत. एक इंग्लंडची, एक कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली, एक जपानची आणि एक २०१२ साली नव्याने निघालेली. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याने त्या चारही कव्हरांवर तेच चौघे तोच रस्ता ओलांडताना पाहिले आणि "अरे, दुकानदाराने तुला चारदा फसवलं की काय?" असे काळजीने विचारले. तिला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज प्रयत्न करतो.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की तबकडीवर जे ऐकू येते ते स्टुडिओतल्या ध्वनिफितीवरून थेट आपल्या कानांपर्यंत आलेले नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर दिलेला असतो आणि त्यात एक तंत्रज्ञ कोरणीच्या यंत्रावर ध्वनीची खाच कापतो. त्या लॅकरवर चांदीचा अतिशय पातळ थर चढवून त्यावर निकेल वाढवतात, मग त्या निकेलपासून उलटसुलट साचे काढत जातात, आणि शेवटच्या साच्याखाली तापवलेले विनाइल दाबले की तबकडी तयार होते. कारखान्यांच्या बोलीत या साच्यांना बाप, आई आणि स्टँपर अशी नावे आहेत, त्यामुळे प्रत्येक तबकडीला आपली वंशावळ असते असे म्हटले तर ती नुसती उपमा ठरत नाही. या वंशावळीत सर्वांत मोठा अधिकार लॅकर कापणाऱ्याचा असतो. खर्ज जास्त ठेवला तर खाच रुंद होते आणि बाजूवर मावणारी मिनिटे कमी होतात. आवाज फार मोठा कापला तर स्वस्त प्लेअरवरची सुई खाचेतून उडते. म्हणून तो कुठे खर्ज कमी करतो, कुठे तार स्वर आवरतो, आणि लंडनमधल्या तंत्रज्ञाने घेतलेला निर्णय लॉस एंजेलिसमधला किंवा टोकियोमधला तंत्रज्ञ घेईलच असे नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमचे आहे. १९६९ साली न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये बॉब (म्हणजे रॉबर्ट) लुडविग या तरुण तंत्रज्ञाने तो इतक्या दणदणीत आवाजात कापला की अटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमत एर्टेगुन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर सुई उडू लागली. ही हकिकत लुडविग यांनीच सांगितलेली आहे. कंपनीने तबकडी पुन्हा, मवाळपणे कापून घेतली आणि पुढे वर्षानुवर्षे बहुतेक श्रोत्यांनी ती मवाळ आवृत्तीच ऐकली. आज पहिल्या कापणीची प्रत हवी असेल तर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात हाताने कोरलेली 'आरएल' ही लुडविग यांची आद्याक्षरे शोधावी लागतात, आणि ती दोन अक्षरे सापडली की किंमत एकदम कितीतरी पटींनी चढते. एका लहान मुलीच्या खोलीतल्या प्लेअरने संग्राहकांच्या खिशाला किती मोठे भोक पाडले, याची मला नेहमी गंमत वाटते.

तर तो कोरा पट्टा वाचायला शिकणे ही या छंदाची बाराखडी आहे. कव्हरवर विसंबून राहू नये, कारण कव्हर आणि तबकडी यांची अदलाबदल पन्नास वर्षांत कुणीही केलेली असू शकते. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्यांवर लेबलाच्या खालच्या बाजूला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या कापणीचा ओळख-क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी ते लॅकर कितव्या कापणीचे आहे हे सांगणारा आकडा असतो. डाव्या बाजूला 'आई' साच्याचा क्रमांक असतो आणि उजव्या बाजूला एक-दोन रोमन अक्षरे असतात. ती अक्षरे म्हणजे ईएमआयच्याच ग्रामोफोन कंपनीच्या नावातून बनवलेली सांकेतिक अंकलिपी आहे: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, आणि असेच एम, ओ, पी, एच, एल, टी असे मोजत शेवटी डी म्हणजे शून्य. उजवीकडे 'आरजी' दिसले तर ती एकविसाव्या स्टँपरची प्रत असे समजायचे. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या सुरुवातीच्या ब्रिटिश प्रतींवर याशिवाय 'एचटीएम' अशी अक्षरे आढळतात. ती हॅरी मॉस या ईएमआयच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांची सही आहे. तबकडी खिडकीशी धरून, तिरप्या उजेडात, एका डोळ्याने ही अक्षरे लावत बसलेला मनुष्य घरच्यांना थोडासा वेडसर वाटतो, हे मी मान्य करतो.

आता 'अ‍ॅबी रोड'कडे वळू. तुलना करायची तर कोणत्या जागी कान लावायचा हे आधी ठरवावे लागते आणि या अल्बममध्ये दोन जागा जणू परीक्षेसाठीच करून ठेवल्या आहेत.

पहिली जागा पहिल्या बाजूच्या अगदी अखेरीस आहे. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, परंतु बाहेरच्या कडेपाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलापाशी जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, आणि म्हणून बाजूच्या शेवटी आवाज चरचरीत व फाटका होण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. नेमक्या याच जागी जॉन लेननचे जवळपास आठ मिनिटांचे 'आय वॉन्ट यू' हे गाणे आहे. त्याच्या अखेरीस गिटारची तीच तान पुन्हा पुन्हा येते, तिच्यावर 'मूग' नावाच्या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरमधून काढलेला वाऱ्यासारखा घोंघाट चढत जातो, आणि लेननच्या सांगण्यावरून फीत अक्षरशः कात्रीने कापल्यामुळे सगळे एका क्षणी तुटते. चांगल्या तबकडीवर वारा आणि गिटार शेवटपर्यंत वेगवेगळे ऐकू येतात. वाईट तबकडीवर त्यांचा काला होतो.

दुसरी जागा याच्या अगदी उलट, म्हणजे शांततेची आहे. दुसऱ्या बाजूवर 'द एंड' संपल्यानंतर सुमारे १४ सेकंद काहीच वाजत नाही. कारखान्याने कसले विनाइल वापरले, ते किती स्वच्छ होते, प्रेस किती घाईने उघडला, हे सगळे त्या १४ सेकंदांत उघडे पडते. माझी जपानी प्रत तिथे इतकी गप्प असते की प्लेअर बंद पडला की काय अशी शंका यावी. दमदमच्या प्रतीवर मात्र लांब कुठेतरी फोडणी तडतडत असावी तसा आवाज येतो.

एवढ्यावरून जपानी तबकडी श्रेष्ठ ठरवून मी कित्येक वर्षे निश्चिंत होतो. जपानी कारागिरी, कव्हराभोवतीचा तो कागदी पट्टा, ते गुळगुळीत विनाइल, याला नावे कोण ठेवणार? पण माझ्या जपानी प्रतीतले विनाइल जितके शांत आहे तितके संगीत मोकळे नाही. ती लंडनहून आलेल्या फितीच्या प्रतीवरून जपानमध्येच कापलेली आहे, झांजा किंचित पुढे आल्या आहेत आणि 'कम टुगेदर'मधला मॅकार्टनीचा बेस अंगाने बारीक झाला आहे. याउलट दमदमच्या तबकडीवर ब्रिटिश मालिकेचाच मॅट्रिक्स क्रमांक आहे. म्हणजे खाच लंडनमध्ये कापलेली, विनाइल फक्त आपले. परदेशी रेकॉर्डींची आयात जवळजवळ अशक्य होती त्या काळात मुंबई-पुण्याच्या मुलांनी रॉक ऐकले ते बहुतांशी याच दमदमच्या तबकड्यांवर, आणि मग 'इंडियन प्रेसिंग आहे हो' असे म्हणून त्याच मुलांनी मोठेपणी त्या फुंकून टाकल्या. माझी प्रत मला हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर साठ रुपयांना मिळाली. विक्रेत्याने ती जुन्या लग्नगीतांच्या गठ्ठ्यातून काढून शर्टाच्या बाहीने पुसली होती, त्यामुळे त्या फोडणीचा थोडा दोष बाहीकडेही जातो.

माझा खरा अंदाज चुकला तो ब्रिटिश प्रतीबाबत. ती मी परदेशातील एका विक्रेत्याकडून, 'जवळजवळ नवी' असा शेरा वाचून, चांगले पैसे मोजून मागवली होती. ट्यूबलाइटखाली ती आरशासारखी चमकत होती. एका रविवारी मी मुलीला पडद्यामागे बसवले आणि मला न सांगता ब्रिटिश व दमदमची प्रत आलटून पालटून लावायला सांगितले. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घेतला होता, कारण किंचित मोठे वाजणारे नेहमीच चांगले वाटते आणि बहुतेक तुलना तिथेच फसतात. सहापैकी पाच वेळा मी दमदमलाच ब्रिटिश समजलो. मुलीने निकाल वाचून दाखवला तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नाही.

नंतर भिंगाखाली आणि हेडफोनवर शोध घेतल्यावर कारण सापडले. माझ्या आधीच्या कुणा मालकाने ती ब्रिटिश तबकडी जड, झिजलेल्या सुईने शेकडो वेळा वाजवली असावी. वरून ओरखडा नव्हता, पण खाचेच्या भिंती आतून खरवडल्या गेल्या होत्या, आणि 'आय वॉन्ट यू'च्या शेवटी वारा चढू लागला की गिटारला पत्र्याचा नाद येत होता. कापणी उत्तम, साचा उत्तम, कव्हर उत्तम, आणि प्रत मात्र गेलेली. पुस्तकांत आणि सूचींत ज्याची तुलना असते ती आवृत्ती असते. आपल्या प्लेअरवर फिरते ती मात्र एकच प्रत असते, आणि तिच्यामागे कुणाच्या तरी बैठकीतल्या सगळ्या संध्याकाळी असतात.

कानांच्या फजितीत मी एकटा नाही, हे मला २०२२ साली कळले. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी मूळ फितींवरून उत्तम तबकड्या काढण्यासाठी नावाजलेली आहे. त्या वर्षीच्या जुलैत असे उघड झाले की २०११ पासूनच्या तिच्या अनेक तबकड्यांत फीत आणि लॅकर यांच्यामध्ये एक डिजिटल पायरी होती. ज्यांनी डिजिटल आवाज आपल्याला तत्क्षणी ओळखता येतो असे आयुष्यभर सांगितले, त्यांनीच या तबकड्यांची मनापासून स्तुती केलेली होती. कंपनीने हे आधीच सांगायला हवे होते, याबद्दल दुमत नसावे. पण तबकड्या त्या बातमीच्या आदल्या दिवशी जितक्या चांगल्या वाजत होत्या तितक्याच दुसऱ्या दिवशीही वाजत होत्या.

माझी चौथी, २०१२ ची प्रत उघडपणे डिजिटल संचिकांवरून कापलेली आहे आणि जाड १८० ग्रॅमच्या विनाइलवर आहे. वजनाने आवाज सुधारतो हा समज मला पटत नाही, जाड तबकडी सहज वाकत नाही एवढाच तिचा गुण. तिच्याबद्दल अधिक बोलण्यासारखे नाही. ती नीटनेटकी आहे, पाहुण्यांसाठी मी तीच लावतो.

एकटा असलो की दमदमची लावतो. त्या तडतडणाऱ्या १४ सेकंदांनंतर 'हर मॅजेस्टी' हे तेवीस सेकंदांचे गाणे येते. ते खरे तर दुसऱ्या बाजूवरच्या सलग जोडलेल्या गाण्यांच्या मूळ साखळीतून काढून टाकलेले होते, पण काही फेकायचे नाही असा स्टुडिओचा दंडक असल्यामुळे जॉन कर्लँडर या सहायकाने तो तुकडा फितीच्या शेवटी जोडून ठेवला आणि तो तसाच राहिला. पहिल्या ब्रिटिश प्रतींच्या कव्हरवर आणि लेबलवर त्याचे नावही नाही. कात्री चुकीच्या जागी पडल्यामुळे त्याचा शेवटचा स्वर मूळ साखळीतल्या पुढच्या गाण्याकडे अडकून राहिला आहे, आणि चारांपैकी कोणत्याही तबकडीवर तो ऐकू येत नाही.

नमस्कार.