लाइटबिल आणि गॅससाठी सरकारी मदत: आधी नाव बघा, मग फॉर्म भरा

नमस्कार मंडळी, आज हातात तीन कागद घेऊन बसलोय. (कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हे लाइटबिल, हे गॅसचं पुस्तक आणि हे बँकेचं पासबुक. तिन्ही आमच्या शेजारच्या काकूंच्या घरातले, त्यांना विचारूनच आणलेत आणि नावं झाकलीत. घर एक, चूल एक, पण लाइटबिलावर नाव सासऱ्यांचं, ते जाऊन 15 वर्षं झाली. गॅसच्या पुस्तकावर नाव नवऱ्याचं, काका पण आता नाहीत. आणि काकूंचं स्वतःचं नाव फक्त पासबुकावर.

आता म्हणाल त्यात काय एवढं, आमच्याकडे पण असंच आहे. तेच तर सांगायचंय. सरकारी मदत घरातली गरिबी बघून आपोआप येत नाही, ती कागदावरच्या नावाला येते. नाव चुकीचं असेल तर मदत दारापर्यंत येऊन परत जाते.

गॅसपासून सुरुवात करू कारण तिथेच काकूंचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. केंद्राची उज्ज्वला योजना 2016 ला आली, गरीब घरातल्या बाईच्या नावावर डिपॉझिट न भरता कनेक्शन, आणि 2021 पासून उज्ज्वला 2.0 मध्ये पहिली टाकी आणि शेगडी पण फ्री. पण अट अशी की घरात आधीचं कनेक्शन कोणाच्याच नावावर नको. काकांच्या नावावर होतं, म्हणजे काकू तिथेच बाहेर. ज्यांचं उज्ज्वलाचं कनेक्शन आहे त्यांना टाकीमागे 300 रुपये सबसिडी खात्यात येते, आधी वर्षाला 12 टाक्यांपर्यंत मिळायची, 2025-26 ला ती 9 टाक्यांवर आणलीय.

मग 2024 ला आपल्या राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली, वर्षाला 3 टाक्या मोफत, उज्ज्वलावाल्या बायकांना आणि लाडकी बहीणमध्ये पात्र असलेल्या कुटुंबांना. ऐकायला सोपं वाटतं. पण कनेक्शन बाईच्याच नावावर पाहिजे, टाकी 14.2 किलोचीच पाहिजे, एका रेशनकार्डावर एकालाच लाभ, आणि 1 जुलै 2024 ला जे पात्र होते त्यांनाच. त्यानंतर रेशनकार्ड वेगळं करून आणलं तर ते चालत नाही. म्हणजे एजंट तुम्हाला सांगत असेल की ताई कार्ड फोडून देतो, दोघींना तीन-तीन टाक्या मिळतील, तर त्याला एक रुपया देऊ नका.

आणि हो, मोफत म्हणजे टाकी आणणारा माणूस पैसे न घेता टाकी ठेवून जाईल असं नाही हं. उज्ज्वलावाल्यांना आधी पूर्ण पैसे मोजायचे, मग खात्यात परत येतात. योजना आली तेव्हा टाकी साधारण 830 ला होती, त्यातले 300 केंद्राचे आणि 530 राज्याचे असा हिशोब होता. ज्या घरात महिन्याच्या 20 तारखेनंतर 100 रुपये पण सुटे नसतात तिथे आधी 830 काढायचे कुठून, हा प्रश्न मला खरंच टोचतो, यावर सरकारने विचार करायलाच पाहिजे.

पैसे परत येतात म्हटलं, पण कुठल्या खात्यात? इथे पुन्हा तेच, नाव आणि नंबर. पासबुक तुम्ही दिलेलं असतं एका बँकेचं, पण आधारवरून येणारे पैसे तुमचं आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलं त्या खात्यात पडतात. कोणी सिमकार्ड घेताना अंगठा दिला, कोणी पोस्टात खातं काढलं, आणि आधार तिकडे जोडलं गेलं. मग बाई दर महिन्याला जुन्या बँकेत एन्ट्री मारून येते आणि म्हणते पैसे आलेच नाहीत, आणि पैसे दुसरीकडे पडून असतात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून ऑप्शन आहे, मोबाइलवर ओटीपी येतो, दोन मिनिटात कळतं कुठलं खातं जोडलंय. घरातल्या शिकणाऱ्या पोराला सांगा, तो बघून देईल.

आता लाइटबिल. (बिल जवळ आणून) महावितरणचं बिल असेल तर त्यावर दर संकेत म्हणून एक जागा असते, तिथे बीपीएल लिहिलंय का बघा. बीपीएल मीटरचा दर साध्या घरगुती मीटरपेक्षा खूपच कमी असतो. पण त्याची अट वर्षभराची आहे, आणि बिल हातात असूनही बऱ्याच लोकांना ती माहीतच नसते. आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, एकूण 360 युनिट. 361 झालं की पुढे तुम्ही साध्या घरगुती दरात, आणि एकदा तिकडे गेलात की परत बीपीएल दरात येता येत नाही. परत सांगा म्हणाल तर परत सांगतो, येता येत नाही.

360 म्हणजे महिन्याला सरासरी 30 युनिट. हे किती होतं ते बघा, 9 वॉटचे तीन एलईडी रोज 6 तास लावले तर महिन्याचे जेमतेम 5 युनिट, बल्बचं काही वाटत नाही. पण जुना 75 वॉटचा पंखा रोज 10 तास फिरला की साडेबावीस युनिट. दोन्ही मिळून साडेसत्तावीस, झालं, आता टीव्ही आणि मोबाइल चार्जिंगला अडीच युनिट उरले. मे महिन्यात पत्र्याखाली लहान पोरं झोपलेली असताना कोण पंखा बंद करणार, करूच नये. म्हणून हिशोब महिन्याचा नाही, वर्षाचा ठेवा, उन्हाळ्यात 45 गेले तर थंडीत पंखा बंद असतो तेव्हा ते भरून निघतात. आणि पंखा बदलायची वेळ आलीच तर 28-30 वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे मिळतात, महाग आहेत पण बीपीएल मीटरवाल्याला त्याच्याइतका फायदा कुठल्याच गोष्टीत नाही, त्याच 10 तासांना 9 युनिट.

दर महिन्याच्या 1 तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. रीडिंग चुकून जास्त पडलं तर तुमचं फक्त त्या महिन्याचं बिल वाढत नाही, वर्षाचे 360 पण ओलांडले जातात. फोटो असेल तर लेखी तक्रार करता येते, आणि तक्रारीच्या कागदावर पोच घ्याच, तोंडी बोलणं धरत नाहीत. 1912 ला फोन करून तक्रार नोंदवता येते, नंबर लिहून ठेवा.

बिल थकलं तर घाबरून सावकाराकडे जाऊ नका. वीज कायदा 2003, कलम 56, त्यात स्पष्ट आहे की थकबाकीसाठी लाइन तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेवढ्या दिवसात ऑफिसला जाऊन हप्ते मागा. आणि मोबाइलवर मेसेज येतो ना, आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा, तो मेसेज चोरांचा असतो. फोन करू नका, त्यांनी सांगितलेलं ॲप घेऊ नका. आमच्या गल्लीत एका आजोबांचे पेन्शनचे पैसे असेच गेले, फार वाईट वाटलं.

सोलरचं पण सांगतो, कारण तिथे आता गरिबांसाठी खरंच चांगलं काहीतरी झालंय. पीएम सूर्यघर, म्हणजे घराच्या छतावर सोलर बसवायची केंद्राची योजना, 2024 पासून आहे, 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 ला 78 हजार सबसिडी. पण उरलेले पैसे गरीब माणूस आणणार कुठून, म्हणून ही योजना बंगलेवाल्यांचीच वाटायची. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने स्मार्ट योजना आणली, 1 किलोवॉटचा खर्च 50 हजार धरला, त्यातले 30 हजार केंद्र, बीपीएल असेल तर 17,500 राज्य, आणि आपल्याला भरायचे 2,500. बीपीएल नाही पण महिन्याला 100 युनिटच्या आत वापर आहे, तर एससी एसटी कुटुंबांना 5 हजार आणि बाकीच्यांना 10 हजार भरायचे. 1 किलोवॉटमधून महिन्याला साधारण 120 युनिट निघतात. बीपीएल मीटरच्या त्या 30 युनिटच्या चौपट! जो आधी येईल त्याला आधी, म्हणून थांबू नका. पण छत स्वतःचं हवं, थकबाकी नको, आणि मीटर अर्ज करणाऱ्याच्या नावावर हवा.

आलं ना पुन्हा नावावर. म्हणून काकूंचं आम्ही आधी तेच केलं. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, काकांचा दाखला, घराचा उतारा, दिराची संमती, आणि 340 रुपये थकले होते ते भरले. दीर पुण्याला असतात, सहीसाठी तीन रविवार गेले. काकू म्हणाल्या, "अरे राहू दे रे, एवढी वर्षं चाललंच की." मी म्हटलं काकू, चाललं नाही, तुमचे पैसे जात होते. गॅसच्या तीन टाक्या हुकल्या त्या हुकल्याच, ते मला परत आणून देता येणार नाही. पण मागच्या आठवड्यात लाइटबिल आलं, त्यावर काकूंचं नाव होतं, पहिल्यांदा. गॅसच्या नावबदलाचा अर्ज पण एजन्सीत देऊन आलोय.

सोलरचा फॉर्म परवाच भरला. नंबर लागला की पुढचा व्हिडिओ काकूंच्या गच्चीवरूनच करीन, पॅनल बसवताना काय काय विचारायचं ते तिथेच दाखवतो.