एका ताटाचा स्वयंपाक

(वाचनालयाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, बोलायला लागण्याआधी हे कढलं पुढच्या रांगेपासून मागे फिरवते. हातात घेऊन बघा. लोखंडाचं आहे, तळ जेमतेम तीन-चार बोटं रुंद. बहुतेकांच्या घरी असतं, पण वरणावर वरून फोडणी घालण्यापलीकडे त्याला कुणी हात लावत नाही. एकट्या माणसाच्या स्वयंपाकघरात मी पहिला मान याला देते. का, ते पुढे येईलच.

‘एकटीसाठी कशाला एवढा घाट घालायचा?’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, पुष्कळांनी म्हटलंय. या सभागृहात खोली घेऊन राहणारी मुलं-मुली आहेत, बदलीच्या गावी एकटे राहिलेले आहेत, मुलं परदेशी असलेले आहेत, जोडीदार गेलेले आहेत. वाक्य सगळ्यांचं एकच. आणि मग रात्री चहा-पोळी, नाहीतर दूध-पाव, नाहीतर मुठीत घेतलेलं फरसाण. याचं मला फार वाईट वाटतं. चार माणसांसाठी तास-तास उभी राहणारी बाई स्वतःसाठी पंधरा मिनिटं उभी राहायला तयार नसते. म्हणून आज मी आले आहे.

मी स्वतः त्यातून गेले आहे. 1986 च्या जूनमध्ये अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. एक खोली, एक वातीचा स्टोव्ह, आणि चार महिने न थांबणारा पाऊस. घरी आईच्या हाताखाली आठ माणसांचा स्वयंपाक केलेला, त्यामुळे सगळं येत होतं, पण आठाचं. एकीचं येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात भात केला तो दोन दिवस पुरला आणि तिसऱ्या दिवशी आंबला. मग हळूहळू चहा आणि टोस्टवर आले. दिवाळीच्या आधी वर्गात फळ्यासमोरच मला घेरी आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं आणि विचारलं, जेवता काय? मला उत्तर देता येईना.

शेजारी एक आजी राहायच्या. त्यांनीही तेच विचारलं, ‘बाई, रातच्याला काय खाता वो तुम्ही?’ आणि उत्तराची वाट न बघता मला चुलीपाशी बसवलं. नागलीची भाकरी शिकवली. भाकरी मला येत होती, पण त्यांनी जे दाखवलं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. भाकरी मुळातच एकेक करायची असते. पोळीची कणिक आपण एकदम मळून ठेवतो, कारण गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो आणि भिजल्यावर तो वाढतो. ज्वारी, बाजरी, नागली यांच्या पिठात तो चिकटपणा नाही. गरम पाण्याने पीठ थोडं फुगतं, तेवढ्यापुरतं धरून राहतं, आणि ठेवलं की पुन्हा फुटायला लागतं. म्हणून परातीत एका भाकरीपुरतं पीठ, मध्ये खळगा, त्यात कढत पाणी, चमच्याने कालवायचं, हात सोसेल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं आणि लगेच थापायचं. घरात दहा माणसं असोत की एक, कृती हीच. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, पाणी सुकायच्या आत उलटली, मग निखाऱ्यावर फुगवली. आजी म्हणाल्या, ‘एवढंच तर आहे.’ त्या दिवसापासून मी भाकरीकडे एकट्या माणसाचं अन्न म्हणूनच बघते. फक्त पीठ एका वेळी अर्ध्या किलोच्या वर दळून आणू नका. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेने चिरते आणि आपल्याला वाटतं आपला हातच गेला.

आता हा घाट नकोसा का वाटतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे एकट्या माणसाला जेवायला घालायची पद्धत होती, एकट्याने रांधायची फारशी नव्हती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा, आज या घरी, उद्या त्या घरी. कुणी माधुकरी मागायचा. कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले पुरुष खाणावळीत जेवायचे, आणि त्या खाणावळी चालवायच्या बायका, आपल्याच एवढ्याशा खोलीत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. त्या बायकांबद्दल मला अपार आदर आहे. पण या सगळ्यात एक झालं. एका माणसाचं माप, एका माणसाची भांडी, एका माणसाची रीत कुणी नीट लिहून ठेवली नाही. आपली पाककृती सुरू होते तीच ‘चार माणसांसाठी’ म्हणून. आणि आपण तिला चाराने भागतो. तिथेच पदार्थ बिघडतो.

का बिघडतो, हे समजून घ्या, कारण एकदा हे समजलं की कुठलीही कृती तुम्ही स्वतःपुरती करू शकाल. सामान चाराने भागलं तरी वेळ चाराने भागला जात नाही. तुरीचा एक दाणा शिजायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मूठभर डाळीला लागतो. कांदा लाल व्हायचा तो आपल्या वेळेनेच होणार. आणि तेवढा वेळ भांड्यातून वाफ जातच असते. वाफ किती जाणार हे भांड्याच्या तोंडावर आणि आचेवर असतं, आत चार माणसांचं आहे की एकाचं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून पाणी चौथाई घेतलं की भाजी तळाला लागते. पाणी चौथाईपेक्षा थोडं जास्त, भांडं लहान, आच मंद आणि वर झाकण. झाकणावर पाणी ठेवलंत तर आणखी चांगलं. माझी आई सुक्या भाजीवर ताटलीत पाणी ठेवायची, ते ताटलीतलं कोमट पाणीच मग भाजीत घालायची.

फोडणीचंही तेच. मोठ्या कढईत चमचाभर तेल घातलं की ते पसरतं, त्याचा नुसता पापुद्रा होतो. मोहरी त्यात बुडतच नाही. काही दाणे तडतडतात, काही जळतात, हिंग करपतो, आणि मग आपण तेल वाढवतो. एका माणसाच्या भाजीला चार माणसांचं तेल जातं ते असं. या कढल्यात तेच चमचाभर तेल तळाशी जमून राहतं. थोडं तिरकं धरा, तेलाचं डबकं होतं, मोहरी त्यात बुडते, सगळी एकदम तडतडते. कढलं फिरून परत आलं का? द्या इकडे. शेगडी आणलीच आहे, तर पिठलं करून दाखवते.

हे बेसन, आमटीच्या वाटीने पाव वाटी. चार माणसांच्या कृतीत एका वाटीला चार वाट्या पाणी सांगतील, म्हणजे भागाकाराने आपल्याला एक वाटी. मी सव्वा घेते, ती पावभर वाटी वाफेची. आधी थोड्या पाण्यात बेसन कालवायचं, गुठळ्या बोटांनी मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालायचं. कढल्यात तेल, मोहरी, तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्या. लसणीचा रंग बघा, कडा तांबूस झाल्या की मिरची, आणि हळद अगदी शेवटी, नाहीतर काळी पडते. आता ही फोडणी या लहान पातेल्यात ओतली, त्यात मूठभर चिरलेला कांदा. कांदा पारदर्शक झाला. आता बेसनाचं पाणी, मीठ, आणि हात थांबवायचा नाही. आधी वाटेल पातळच राहिलं, काहीतरी चुकलं. थांबा. आता कडेने बुडबुडे आले बघा, आणि एकदम दाटलं. आच अगदी बारीक, झाकण, चार मिनिटं. कच्च्या बेसनाचा वास जाऊन खमंग वास आला की झालं. वर कोथिंबीर. घड्याळ लावलं असतंत तर बारा-तेरा मिनिटांच्या वर काटा गेला नसता.

पिठलं चार मिनिटं मुरतंय तोवर कुकरचं सांगते. दीड-दोन लिटरचा कुकर घ्या. पाच लिटरच्या कुकरात एकाची खिचडी करणं म्हणजे विहिरीत तांब्या बुडवण्यासारखं. पण लहान कुकर लवकर तापतो, शिट्ट्या भराभर होतात, आणि मोठ्या कुकरच्या सवयीने तीन शिट्ट्यांना बंद केला तर डाळ कच्ची राहते. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, पाच मिनिटं, मग बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, दोन वाट्या पाणी, एवढ्यात मऊ खिचडी होते. वर साजूक तूप, बाजूला भाजलेला पापड आणि लिंबाची फोड. आजारातून उठलेल्याला याहून चांगलं मला काही सुचत नाही.

तुरीची डाळ मात्र मी रोज लावत नाही. अर्धी वाटी एकदम शिजवते, पण घोटून एकाच वेळी फोडणी देत नाही. ही चूक फार जण करतात, मग तीच आमटी तीन दिवस समोर येते आणि माणूस कंटाळून बाहेरचं मागवतो. पहिल्या दिवशी साधं वरण, हिंग, हळद, मीठ, गुळाचा खडा, तूप, लिंबू. उरलेली डाळ साधी, बिनफोडणीची, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तिचीच आमटी, आमसूल आणि गोडा मसाला घालून. तिसऱ्या दिवशी वरणफळं, कुणी चकोल्या म्हणतं. मूठभर कणिक तिखट-मीठ घालून घट्ट मळायची, एक पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखी कापायची आणि पातळ केलेल्या उकळत्या आमटीत एकेक सोडायची. एकदम टाकलीत तर गोळा होईल. वाटीभर तूप घालून नाही, चमचाभर घालून खा, पण गरम खा.

बाजाराबद्दल थोडं. भाजीवाल्याकडे अर्धपाव मागायला लाजू नका. मी सव्वाशे ग्रॅम गवार मागते, कधी दोनच वांगी. सुरुवातीला मावशी कुरकुरल्या, आता माझ्यासाठी भरताचं एक वांगं बाजूला ठेवतात. पालेभाजीची जुडी कुणी अर्धी देत नाही हे खरं. मेथीची जुडी आणली की त्याच दिवशी निवडायची, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात. लसूण घालून परतलेली भाजी एक दिवस, दुसऱ्या दिवशी मुगाची डाळ घालून, आणि उरलेला पाला थालीपिठाच्या भाजणीत. भाजणीचा डबा घरात असू द्या. रात्री आठला दमून आलात, तर कांदा चिरून तव्यावर थापायला दहा मिनिटं.

शिळ्या भाताबद्दल एक गंभीरपणे सांगते. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जातंच असं नाही. पसरट ताटात लवकर निववा, तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन संपवा.

2017 मध्ये आमचे हे गेले. तेव्हा मला वाटलं होतं, अकोल्यात शिकलेलं आहे, मला जड जाणार नाही. पण जड गेलं. तांदळाच्या डब्यात हात घातला की हात दोघांचंच माप घ्यायचा. कितीतरी दिवस मी ती दुसरी मूठ परत डब्यात टाकत होते. त्या दिवसांत जेवण नको व्हायचं. मग मी एक केलं, ताट बदललं नाही. तेच स्टीलचं ताट, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भाकरी, पाण्याचा तांब्या-भांडं. पातेल्यातून ओट्याशी उभं राहून खायचं नाही, हे ठरवलं होतं. आधी ताट वाढायचं, मग भूक लागायची. रोज असंच व्हायचं असं नाही, पण पुष्कळदा व्हायचं.

हे पिठलं झालं. बघा, कडा सुटल्या. इथे भाकरी आणली आहे, समोरच्या मुलांनी आधी खा, तुम्ही खोलीवर राहता.

काय विचारताय काकू? सणाला एकटीसाठी पुरण घालते का? घालते. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ, वेलची, जायफळ. चार पोळ्या होतात. दोन माझ्या, दोन वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या, तीही एकटीच राहते. डाळ शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात चमचाभर पुरण, चिंच आणि मसाला घातला की कटाची आमटी होते. ती मी दुसऱ्या दिवशी मुरल्यावर गरम भातावर घेते.